घोळण्याचा पंचनामा

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये दोन लिफ्ट होत्या. त्यांतल्या ज्या लिफ्टमध्ये इक्बालभाई असतील ती सोडून दुसरी पकडायची, हा तिथल्या समस्त मराठी मंडळींचा अलिखित नियम होता. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. माणूस लाखात एक होता. पण त्याला कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नसे. तळमजल्यावर "काय इक्बालभाई, बरं आहे ना?" एवढं विचारण्याचा मूर्खपणा तुम्ही केलात, की तुमचा मजला आला तरी त्यांच्या गोष्टीतल्या, तुर्कस्तानातून निघालेल्या अंजिरांच्या पेट्या अजून तिथल्या बंदरातच असत. मग इक्बालभाई एक पाय लिफ्टच्या दारात रोवून उभे राहत. दार त्यांच्या जाडजूड सेफ्टी शूजवर आपटून आपटून शेवटी शरण येई. अंजिरं तरीही बंदरातच.

इक्बाल मुकादम हे मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. पेशाने मालाचे सर्व्हेअर. म्हणजे जहाजातून आलेला माल भिजलेला, फुटलेला किंवा कुजलेला निघाला, की विमा कंपनी भरपाई द्यायच्या आधी ज्या माणसाला पाठवते, तो माणूस. नुकसान कुठे झालं, कधी झालं आणि कशामुळे झालं, हे शोधायचं. जबल अली आणि हमरिया या दोन बंदरांत त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. कुजक्या मालाचा कंटेनर उघडला की बाकीचे नाकाला रुमाल लावत. इक्बालभाई नाक पुढे करत.

ही सवय घरी येताना गेटवर ठेवून यावी, असं त्यांना कधी सुचलं नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक टॉर्च. भिंत दिसली की बोटाच्या पेराने ठोकून बघणार. "कसं काय?" असं त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांचा प्रश्न एकच, "कधीपासून?" खोकला झालाय म्हणावं, तर "कधीपासून? बसल्यावर की आडवं पडल्यावर?" दिवाळीत मुग्धाने, म्हणजे माझ्या बायकोने, फराळाचं ताट पुढे केलं. या गृहस्थांनी चकली मोडली, कानाजवळ नेली, परत मोडली आणि म्हणाले, "भाभी, चकली चांगली तळलीय. ओलावा तेलातला नाय, डब्यातला हाय. झाकण बदला." मुग्धा दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी तिने गुपचूप डबा बदलला.

त्यांच्या खाती माझंही एक प्रकरण जमा होतं. एका ऑगस्टात बेसमेंटच्या पार्किंगमध्ये असा काही वास सुटला की बायका गाडीपर्यंत श्वास रोखून धावत. वॉचमन म्हणाला, मांजर मेलंय. इक्बालभाई टॉर्च घेऊन खाली उतरले. गटार बघितलं, पंपाची खोली बघितली, आणि पंपाच्या खोलीत कबूतर मेलं असणार असा ठाम निकाल दिला. तो साफ चुकला. मग एकेका गाडीच्या डिकीपाशी वाकून नाक लावत ते माझ्या गाडीपर्यंत पोचले. मासळी बाजारातून आणलेली बांगड्यांची पिशवी मी डिकीत विसरलो होतो. वर घरी मुग्धाने विचारल्यावर, परत खाली जायचा कंटाळा म्हणून "आज बाजारच बंद होता" असं सांगून बसलो होतो आणि नंतर ते मला स्वतःलाच पटलं होतं. इक्बालभाईंनी पिशवी स्वतः उचलून टाकली. बिल्डिंगला निकाल सांगितला, "गाडी अनोळखी होती, निघून गेली." मला मात्र लिफ्टमध्ये गाठून हळूच म्हणाले, "केळकरशेठ, बांगडे ताजे होते हां घेताना. डोळे सांगत होते."

तर असा हा माणूस. आता रेवाच्या नाकाकडे वळतो.

रेवा माझी मुलगी, तेव्हा केजीत. मराठी सगळं समजणार आणि उत्तर इंग्रजीत देणार. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आम्ही पुण्याहून परतलो आणि तिचा घोळणा फुटायला लागला. आधी एकदा उशीवर, मग शाळेच्या गणवेशावर, मग डोसा खाता खाता चटणीत. पाच वर्षांच्या पोरीच्या चिमुकल्या नाकातून रक्ताची धार लागलेली बघितली, की ते रक्त किती आहे याचा अंदाज बापाला येत नाही. मला तर ते नेहमी बादलीभर वाटे.

घोळणा कशाने फुटतो, हे मराठी माणसाला विचारावं लागत नाही. उष्णतेने. मुग्धाच्या आईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर निदान केलं, "वाळवंट ते! अंगात उष्णता भिनलीय पोरीच्या. थंड द्या." झालं. आंबा बंद, अंडं बंद. गुलकंद सुरू, सब्जा सुरू. रक्त आलं की मान मागे, डोक्यावर पाणी आणि नाकाशी फोडलेला कांदा. आणि माझी स्वतःची मौलिक भर म्हणजे, रेवाचा पलंग मी सरकवून एसीच्या झोताखाली बरोब्बर आणला आणि तापमान खाली, आणखी खाली, जिथे रिमोटने "आता बास" म्हटलं तिथपर्यंत नेलं. पोरगी रजई घेऊन झोपायची. घोळणा जास्तच फुटायला लागला. मी म्हटलं, बघा, केवढी ही उष्णता! एवढ्या थंडीलाही दाद देत नाही.

मुग्धा मात्र वेगळ्याच दिशेने विचार करत होती. एक दिवस भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मार्चमध्ये शाळा संपली की मी आणि रेवा पुण्याला जातो. तिला ही हवा मानवत नाही."

"अगं, किती दिवस?"

"एक वर्ष बघू."

इथे राहणाऱ्याला या 'एक वर्ष बघू'चा अर्थ माहीत असतो. आमच्या ऑफिसात अशी अर्धा डझन मंडळी होती. घरी बायकोचा फोटो, फ्रिजमध्ये चार दिवसांची एकच आमटी आणि शुक्रवारी व्हिडिओ कॉल. त्यांचं एक वर्ष कधीच संपलं नव्हतं. त्या दिवसापासून रेवा शिंकली तरी मला विमानतळ दिसे.

आणि मग ती सकाळ आली. रेवाला स्कूल बसला सोडायला मी घाईघाईने समोर आली ती लिफ्ट पकडली. आत इक्बालभाई. अंजिरं सुरू होणार तेवढ्यात रेवाचं नाक सुरू झालं. मी तत्परतेने तिची मान मागे केली, अगदी छताचे दिवे मोजता येतील इतकी. रेवाने दोन आवंढे गिळले, डोळे मोठे केले आणि पोटात गेलेलं सगळं रक्त, वर गुलकंद घातलेलं दूध, इक्बालभाईंच्या सेफ्टी शूजवर ओकून टाकलं.

मी 'सॉरी सॉरी' करत खिशात रुमाल शोधत होतो. इक्बालभाई लिफ्टमध्येच खाली बसले. रेवाला मांडीशी घेतलं, तिचं डोकं पुढे झुकवलं आणि नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत धरला.

"अहो, पुढे काय करताय! सगळं बाहेर येईल!"

"यावंच बाहेर. गळती कुठे हाय ते दिसायला नको? तू मागे करून टाकी पोटात रिकामी करतोस." मग रेवाकडे वळून म्हणाले, "तोंडाने श्वास घे, बेटा. जोड्यांची काळजी नको. सेफ्टीचेच हायत."

मी वाकून बघायला गेलो. "थांबलं का?"

"हात लावू नकोस. दहा मिनिटं बघायचं नाय."

"दहा मिनिटं?"

"कंटेनरला धुरी दिली की दार उघडून बघतो का आपण, किडे मेले काय म्हणून? तसंच हे. बघितलं की परत पहिल्यापासून." आणि इक्बालभाईंनी घसा साफ केला. "बेटा, एकदा काय झालं, तुर्कस्तानातनं निघाली अंजिरं…"

लिफ्ट वर गेली, खाली आली. लोक दार उघडताच आत बघत आणि जिन्याने जात. स्कूल बस निघून गेली. अंजिरं मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा बंदराबाहेर पडलेली ऐकली. जहाज सुएझपाशी पोचलं तेव्हा इक्बालभाईंनी बोटं काढली. नाक कोरडं होतं.

"देन व्हॉट हॅपन्ड?" रेवाने विचारलं.

बिल्डिंगच्या इतिहासात इक्बालभाईंना हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ते क्षणभर गडबडलेच.

त्या शुक्रवारी ते रीतसर सर्व्हेला आले. चपला दारात, टॉर्च हातात. मुग्धाने मार्चचा बेत सांगितला. ऐकून ते नेहमीसारखं "कधीपासून?" म्हणाले नाहीत. हातातला टॉर्च उगाच लावला, विझवला. मग म्हणाले, "भाभी, पहिली गोष्ट, डॉक्टरला दाखवा. मी पेट्यांचा सर्व्हेअर, पोरींचा नाय. दुसरी गोष्ट, तिकिटं काढायच्या आधी मला घर बघू द्या."

घर बघितलं. गुलकंदाची बरणी हुंगली, मान हलवली. रेवाच्या खोलीत जाऊन एसीच्या झोताखाली स्वतः आडवे झाले. मग बाल्कनीत गेले. तिथे एसीच्या नळीखाली माझी बादली होती. या बादलीचा मला भारी अभिमान. एसीचं गळणारं पाणी मी साठवून तुळशीला घालायचो आणि आल्यागेल्याला पर्यावरणावर व्याख्यान द्यायचो.

"बादली भरते?"

"भरते म्हणजे! हल्ली तर दिवसातून दोनदा ओततो. तुळस बघा कशी तरारलीय."

"हल्ली कधीपासून?"

"एसी वाढवला तेव्हापासून."

इक्बालभाईंनी बादलीत टॉर्च मारला. "हे पाणी कुठून आलं, केळकरशेठ?"

"एसीतून."

"एसीत कुठून आलं?"

मी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला माणूस. एसीच्या नळीत डोकावून बघायला लागलो.

"खोलीच्या हवेतनं. बाहेर इतकी दमट हवा की दार उघडलं की चष्मा पुसायला लागतो. आणि आत तू सगळं पाणी काढून तुळशीला घालतोयस. पोरीचं नाक त्या सुक्या हवेत, वरनं झोत थेट तोंडावर."

"पण उष्णता…"

"भाभी, दोन पोळ्या द्या."

मुग्धाने दोन ताज्या घडीच्या पोळ्या दिल्या. एक त्यांनी स्वयंपाकघरात ताटलीत उघडी ठेवली आणि दुसरी रेवाच्या उशीवर, झोताखाली. रेवाला त्या रात्री आमच्या खोलीत झोपवलं. सकाळी इक्बालभाई चहाच्या आधी हजर. स्वयंपाकघरातली पोळी शिळी होती, पण वाकत होती. उशीवरची त्यांनी दोन बोटांत धरून उचलली तर ती पत्र्यासारखी आडवी राहिली. त्यांनी ती मुग्धाच्या कानाशी नेऊन मोडली. कट्!

"भाभी, नाकात आतनं पोळीपेक्षा पातळ कातडी असते."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे पाहिलं.

"पण काम संपलं नाय," इक्बालभाई म्हणाले. "कंटेनरचं सील शाबूत असेल तर चोर आतला असतो." हे त्यांचं लाडकं वाक्य. ते रेवासमोर उकिडवे बसले. "रेवाबाई, साक्ष द्या. तुमच्या नाकात कोण जातं?"

"नोबडी."

"कोणीच नाय?"

"नोबडी, चाचा." मग थोडा विचार करून ती म्हणाली, "ओन्ली माय फिंगर."

"का जातं ते?"

"बिकॉज देअर इज अ क्रस्ट. इट इचेस."

"खलास," इक्बालभाई उठले. "हवा सुकी, म्हणून खपली. खपली खाजते, म्हणून बोट. बोटाला नख, म्हणून रक्त. रक्त आलं म्हणून बाप एसी वाढवतो, म्हणून हवा आणखी सुकी. आयुष्यात एवढा गोल क्लेम बघितला नव्हता मी."

डॉक्टरीणबाईंनी छोट्या दिव्याने नाक तपासलं आणि जवळजवळ तेच सांगितलं, फक्त पोळीशिवाय. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, अंगावर उगाच निळे डाग उमटतात का, हे विचारून खात्री करून घेतली. मिठाच्या पाण्याचे थेंब, नाकाच्या तोंडाशी हलकंसं मलम, नखं बारीक, पलंग झोतापासून लांब, खोलीत वाफेचं यंत्र. रक्त आलं तर बसवून पुढे झुकवायचं आणि मऊ भाग दाबायचा. नीट दाबूनही थांबलं नाही, तर पुन्हा दहा मिनिटं. तरीही नाही, तर सरळ इमर्जन्सी. कांदा कुठे बसतो, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भाजीत."

घोळणा काही एका दिवसात बरा झाला नाही. अधूनमधून फुटायचाच. फुटला की रेवा स्वतः खुर्चीत बसायची, पुढे वाकायची आणि नाक धरून गेंगाण्या आवाजात फर्मान सोडायची, "कॉल चाचा!" माझ्या गोष्टी तिला चालत नसत. त्या दोन मिनिटांत संपत आणि मग मी "थांबलं का बघू?" करायचो. दहा मिनिटं न संपणारी गोष्ट सांगणारा आमच्या ओळखीत एकच होता. इराणहून निघालेला पिस्ता, कोचीनची मिरी, भिजलेले चहाचे खोके. दहा मिनिटं झाली की इक्बालभाई तिला हात काढायला सांगत, आणि जहाज कुठेही असो, तिथेच नांगर टाकत.

अशाच एकदा, रेवा खेळायला पळाल्यावर, ते खुर्चीतच बसून राहिले. मुग्धाने चहा आणून दिला. कपाकडे बघत म्हणाले, "माझी पोरगी मुमताज अशीच होती. अंगाला खाज यायची, रात्र-रात्र रडायची. घरच्यांनी सांगितलं, इथली हवा मानवत नाय. मी म्हटलं, बरोबर. बायको आणि पोरगी गावाला पाठवली. एक वर्षासाठी."

"मग?" मुग्धाने विचारलं.

"आता मुमताजची पोरगी शाळेत जाते." त्यांनी चहा संपवला. "तिथे गेल्यावरही खाज होतीच. साबण कुठला होता, पाणी कसलं होतं, गादी कशाची होती, कायच बघितलं नाय मी. दुनियेच्या पेट्या उघडून बघितल्या. माझा क्लेम मात्र सर्व्हे न करताच पास केला."

एवढी छोटी गोष्ट इक्बालभाईंनी सांगितलेली मी दुसरी ऐकली नाही.

मार्च आला. रेवाला नाकाचा त्रास होऊन बरेच दिवस झाले होते. मुग्धाने तिकिटांचं काही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. झोपलेल्या पोराला कुणी हलवून बघतं का, झोप लागली का म्हणून? एक दिवस बसायच्या खोलीतून मुग्धाचा आवाज आला. पुण्याला फोनवर बोलत होती, "नाही गं आई, येतोय ते सुट्टीपुरतेच. हवा मानवते तिला. आम्हीच हवेला मानवत नव्हतो." मी बाल्कनीत गेलो. बादलीत तळाशी जेमतेम पाणी होतं. तुळशीला त्या दिवशी नळाचं घातलं.

त्याच सुमारास इक्बालभाई निवृत्त झाले. गावी निघाले, कायमचे. मी, मुग्धा आणि रेवा त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. वाटेत त्यांनी कुवेतच्या खजुरांची गोष्ट सुरू केली आणि पार्किंगपर्यंत खजूर झाडावरच होते. आत काचेच्या दारापाशी सामानाची ट्रॉली थांबली. इक्बालभाईंनी सवयीने खांबाला ठोकून पाहिलं. मग खिशातला टॉर्च काढून रेवाच्या हातात दिला. आणि एकदम तोंड फिरवून, मान मागे टाकून ते छताकडे बघायला लागले. नाक जोरात ओढलं. पुन्हा ओढलं.

"चाचा, नो!" रेवा ओरडली. "नॉट बॅक! फॉरवर्ड!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. रेवाने त्यांची बाही ओढून त्यांना ट्रॉलीवरच्या बॅगेवर बसवलं, डोकं पुढे वाकवलं आणि आपल्या दोन चिमुकल्या बोटांनी त्यांचं नाक घट्ट धरलं. त्या नाकातून रक्ताचा थेंबही येत नव्हता. जे येत होतं ते डोळ्यांतून येत होतं, पण सर्व्हेअर बाईंना ते कोण सांगणार? इक्बालभाईंनीही सांगितलं नाही. शहाण्यासारखे तोंडाने श्वास घेत बसून राहिले.

"अगं रेवा, चाचांची फ्लाइट आहे," मुग्धा म्हणाली.

"टेन मिनिट्स, आई. नो पीकिंग." मग तिने घसा साफ केला, अगदी त्यांच्यासारखा. "चाचा, वन्स व्हॉट हॅपन्ड, द फिग्ज केम फ्रॉम टर्की…"

स्पीकरवरून कुठल्या तरी विमानाची घोषणा झाली. मी मध्ये काही बोलणार होतो, पण ट्रॉलीवर वाकून बसलेल्या त्या माणसाने डोकं न हलवता हाताने मला गप्प केलं आणि नाक दाबलेल्या आवाजात रेवाला विचारलं, "मग काय झालं, बेटा?"